इतिवृत्त

पार्ल्याच्या शाळेत, पहिली ‘ब’च्या वर्गात
दर वर्षी भरते आमची बैठक.
बाकं एवढीशी, की धारपांचे गुडघे
त्यांच्या हनुवटीशी बोलत असतात.
फळ्यावर एक कमळ, कुणीतरी पुसायचं विसरलेलं,
आणि टेबलावर शाल, आधीच आणलेली,
दादरच्या दुकानाची किंमत अजून चिकटलेली.
माणूस तेवढा ठरायचा बाकी.

मी चिटणीस. इतिवृत्त माझ्याकडे.
एकवीस वर्षं या भांडणांना मी
‘सविस्तर चर्चा झाली’ असं लिहीत आले आहे.

धारप म्हणाले, यंदा म्हापणकरबाईंनाच.
वैशंपायन म्हणाल्या, बाई थोर, पण
तार षड्जाकडे त्या नेहमी
उसने पैसे मागायला गेल्यासारख्या जातात.
धारप उठले. म्हणजे उठायला गेले,
बाक सोबत आलं.
डॉक्टर पाठारे कानिटकरबुवांच्या बाजूचे.
ते बुवांचे व्याही लागतात, हे कुणी काढलं नाही,
आठवलं मात्र सगळ्यांना.
मागून सबनीस म्हणाले, सारंगीवाल्यांचं काय?
हनीफभाई गेले तेव्हा आपल्या पत्रकात
आपण ‘हमीद’ छापलं होतं.
त्यावर पंखा तेवढा बोलला.

मग यंदाच आलेल्या अद्वय तेलीनं
लालबागच्या एका बँजोवाल्याचं नाव घेतलं,
विलास भोबड. विसर्जनाला ट्रकवर उभा राहून
अकरा तास वाजवतो, म्हणाला,
बोटांना चिकटपट्ट्या लावून,
आणि तार उतरली तर चालत्या ट्रकवर लावून घेतो.
कुणी हसलं नाही. तेच वाईट होतं.
मी लिहिलं, ‘अन्य नावेही पुढे आली.’

मतं झाली. चहावर साय आली.
बाई एका मतानं जिंकल्या.
ते एक मत माझं, तेही
घरी जायची घाई होती म्हणून.

फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.
ब्याऐंशीच्या बाई, आवाज सुपारी कातरल्यासारखा.
‘शाल नको गं. कपाटात
शाली ठेवू की स्वतः जाऊन बसू?
तुमच्याकडे गायले होते मी, गिरगावात,
त्र्याऐंशीच्या मे महिन्यात.
डोक्यावर पंखा कुरकुरत होता,
नेमका माझ्या सुराच्या पाव सूर वर.
मारव्यात षड्ज आधीच लपून बसतो,
त्यात हा मेला खोटा षड्ज देतोय!
रडू यायचं तेवढं राहिलं होतं.
इतक्यात कुणीतरी उठलं आणि
पंखा बंद केला.
अडीच तास माणसं घामानं निथळत बसली,
एकानंही वर पाहिलं नाही.
कितीक मैफिली विसरले, ही नाही.
त्या माणसाला द्या तुमची शाल.’

फोन ठेवला. धारप खाकरले,
मला वाटतं, तो मीच.
पाठारे म्हणाले, तुम्ही दाराशी होता,
बटणं खिडकीकडे होती.
वैशंपायन म्हणाल्या, बाईची अडचण
बाईलाच कळते, एवढंच सांगते.
सबनिसांनी गळ्याला हात लावून शपथ घेतली.
तेव्हा जन्मालाही न आलेला अद्वय
शाल उलगडून बघत होता, केवढी आहे ते.

मी काही बोलले नाही.
त्या संध्याकाळी मला एकशे दोन ताप होता.
आई नको म्हणत होती, तरी आले होते,
कारण तिकिटांची पेटी माझ्याकडे.
वाऱ्यानं दात वाजायला लागले,
तशी उठले, खटका वर केला,
आणि भिंतीला टेकून झोपले.
मारवा मी ऐकलाच नाही.

इतिवृत्तात लिहिलं:
‘सविस्तर चर्चा झाली. नाव निश्चित होऊ शकले नाही.
शाल तूर्त चिटणिसांकडे ठेवण्यात आली.’